अंतराळातून सीमा दिसत नाहीत, मग जात कुठून दिसते?

२५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अंतराळात गेले. राकेश शर्मांनंतर तब्बल एक्केचाळीस वर्षांनी एक भारतीय नागरिक पृथ्वीच्या कक्षेत पोचला आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पाय ठेवणारा पहिला भारतीय ठरला. २८ जूनला पंतप्रधानांशी बोलताना त्यांनी सांगितले, की वरून पृथ्वी एकसंध दिसते, तिच्यावर सीमारेषा दिसत नाहीत. बोलणे साधे होते, प्रामाणिक होते. त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्या बोलण्याचे पुढे जे केले गेले त्याबद्दल. दोन-चार दिवसांत खारघर, कामोठे, कळंबोलीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पृथ्वीचे निळे चित्र फिरू लागले आणि चित्राखाली उपदेश आला: वरून ना धर्म दिसतो ना जात, मग तुम्हीच सारखी जात का उगाळता? हा 'तुम्ही' कोण हे कुणाला सांगावे लागले नाही. आरक्षणावर, अॅट्रॉसिटीवर, भीमा कोरेगाववर कुणी बोलले की त्याच्या तोंडावर फेकायला आता थेट अंतराळातून पुरावा आला होता. आमच्या अभ्यासवर्गातल्या काही तरुणांनी आम्हाला विचारले, याला उत्तर काय द्यायचे? चित्र तर खरे आहे!

चित्र खरेच आहे. म्हणूनच त्या चित्राचा इतिहास नीट वाचला पाहिजे.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिनने १०८ मिनिटांत पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. सामूहिक शेतीवरच्या एका सुताराचा हा मुलगा, स्वतः ओतकाम शिकलेला कामगार. पृथ्वी बाहेरून पाहणारा पहिला माणूस कुणा राजघराण्यातला नव्हता, हे आमच्या चळवळीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण साऱ्या जगाला पृथ्वी दिसली ती सात वर्षांनी. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधून फ्रँक बोरमन, जिम लॉवेल आणि विल्यम अँडर्स हे तिघे चंद्राभोवती फिरायला गेले. काम होते चंद्राच्या पृष्ठभागाचे फोटो काढण्याचे. २४ डिसेंबरला चौथ्या फेरीत चंद्राच्या करड्या कडेवरून पृथ्वी वर येताना दिसली. अँडर्सने घाईघाईने रंगीत फिल्म मागितली आणि फोटो काढला. तो फोटो मोहिमेच्या यादीत नव्हता. चंद्र बघायला गेलेल्या माणसांना पृथ्वी सापडली, असे जे म्हणतात ते यामुळेच.

या फोटोने लोकांच्या मनावर खरोखर परिणाम केला. २२ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन झाला, त्यामागे असलेल्या अनेक कारणांत हा फोटोही होता. १९८७ साली फ्रँक व्हाइट या लेखकाने अनेक अंतराळवीरांशी बोलून एक पुस्तक लिहिले आणि या अनुभवाला नाव दिले, 'ओव्हरव्ह्यू इफेक्ट'. मराठीत त्याला समग्रदर्शनाचा परिणाम म्हणता येईल. पृथ्वी एकदम अख्खी दिसली की माणसाला वाटते, हे सगळे एकच आहे, नाजूक आहे, आपण सगळे एकाच घरातले आहोत. वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या विचारांच्या अंतराळवीरांनी हेच सांगितले आहे. एवढ्या माणसांचा अनुभव खोटा म्हणून उडवून लावणे आम्हाला पटत नाही. तथागतांनी अनुभवालाच प्रमाण मानायला शिकवले. (एक गोष्ट मात्र जाता जाता नोंदवतो. त्याच २४ डिसेंबरला त्या तिघांनी चंद्राभोवतून बायबलातली सृष्टीच्या उत्पत्तीची वचने वाचली. पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटर लांब गेले, तरी घरची पोथी बरोबर होतीच. आपल्याकडे रॉकेटची प्रतिकृती आधी तिरुपतीला नेतात आणि मग उड्डाण होते, त्यामुळे आपण फार हसू नये.)

आता २५ डिसेंबर.

ही तारीख आंबेडकरी माणसाला सांगावी लागत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. महाड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात होते, आजच्या रायगडमध्ये. म्हणजे आमचे खारघर ज्या जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यात. माणसामाणसांत जन्मावरून भेद करणारा ग्रंथ तिथे जळला, त्याला १९६८ साली एक्केचाळीस वर्षे झाली होती.

आणि १९६८ च्या त्याच २५ डिसेंबरच्या रात्री तमिळनाडूत, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, किळवेणमणी नावाच्या खेड्यात ४४ दलित शेतमजूर एका झोपडीत जाळून मारले गेले. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. गुन्हा काय, तर शेतमजुरांनी संघटना केली होती आणि मजुरी वाढवून मागितली होती. जमीनदारांची माणसे चालून आली तेव्हा ही माणसे जीव वाचवायला एका झोपडीत शिरली. बाहेरून आग लावली गेली.

तारखा नीट जुळवून पाहा. ती झोपडी जळत होती तेव्हा अपोलो ८ चंद्राची कक्षा सोडून पृथ्वीकडे परत निघाले होते. ते प्रशांत महासागरात उतरले २७ डिसेंबरला. मानवजात एक आहे असे जगाला सांगणारी ती फिल्म अजून धुतलीही नव्हती, ती यानात होती, आणि यानाच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या निळ्या गोळ्यावर ४४ माणसांची राख झाली होती. त्या अंतरावरून भारताचा किनाराही धड दिसत नाही. झोपडीचा जाळ कुठून दिसणार?

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. खालच्या न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा दिली. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. एवढी श्रीमंत, प्रतिष्ठित माणसे स्वतः चालत जाऊन आग लावतील हे विश्वास ठेवण्यासारखे नाही, असा त्या निकालातला युक्तिवाद. पाच वर्षे तो फोटो जगभर पोस्टरांवर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत होता. त्याचा या निकालावर काडीइतका परिणाम झाला नाही.

कुणी म्हणेल, हा योगायोग आहे, यात फोटोचा काय दोष? दोष नाहीच. आम्ही एवढेच म्हणतो, की ज्या क्षणाला मानवी ऐक्याच्या जाणिवेचा जन्म म्हणून जग साजरे करते, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या माणसांचे काय झाले, हे त्या इतिहासात लिहिले जात नाही. आम्ही ते लिहिणार.

अमेरिकेतही हा प्रश्न त्याच वेळी विचारला गेला होता. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. त्यांच्यानंतर त्यांच्या संघटनेचे नेतृत्व राल्फ अॅबरनाथी यांच्याकडे आले. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राकडे निघण्याच्या आदल्या दिवशी, अॅबरनाथी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन फ्लोरिडाच्या प्रक्षेपण केंद्राच्या दारात उभे राहिले. एकीकडे आकाशाला भिडणारे रॉकेट, दुसरीकडे खेचर. नासाचे प्रमुख थॉमस पेन बाहेर येऊन त्यांना भेटले. अॅबरनाथी विज्ञानाच्या विरोधात नव्हते. चंद्रावर पोचणारा देश आपल्या भुकेल्या माणसांपर्यंत का पोचत नाही, एवढेच ते विचारत होते.

आणि खिडकीजवळ बसायला कुणाला मिळाले? एड ड्वाइट नावाचा कृष्णवर्णीय वैमानिक साठच्या दशकाच्या सुरुवातीला अंतराळवीर होण्याच्या प्रशिक्षणापर्यंत पोचला होता. १९६३ च्या निवडीत नासाने त्याला घेतले नाही. हवाई दल सोडून तो शिल्पकार झाला आणि आपल्या लोकांच्या इतिहासाचे पुतळे घडवत राहिला. १९ मे २०२४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, एका खासगी कंपनीच्या यानातून त्याला काही मिनिटे पृथ्वी बाहेरून पाहायला मिळाली. एकसष्ट वर्षे! अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अंतराळवीर गियन ब्लुफर्ड १९८३ मध्ये गेला. त्याच्या तीन वर्षे आधी सोव्हिएत यानातून क्युबाचा आफ्रिकी वंशाचा अर्नाल्दो तामायो मेंदेस जाऊन आला होता. ज्या कार्यक्रमातून मेंदेस गेला, त्याच कार्यक्रमातून पुढे आपले राकेश शर्मा गेले. 'मानवजात' पृथ्वीकडे पाहत होती असे आपण सहज म्हणतो, पण कोण वर जाणार आणि कोण खालीच राहणार हे खालच्याच उतरंडीने ठरवले.

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी गेले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी वरून भारत कसा दिसतो असे विचारले आणि त्यांनी इक्बालांच्या गीताची ओळ सांगितली. अख्ख्या देशाचा ऊर भरून आला. आता जरा आमच्या भागात या. त्याच वर्षी जानेवारीत, म्हणजे तीन महिनेही झाले नव्हते, नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या जात असलेल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले होते. दि. बा. पाटील नेते होते. १६ आणि १७ जानेवारीला उरण भागात, जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क या रक्तातून आला. आज आमचे खारघर ज्या जमिनीवर उभे आहे ती भातशेतीची आणि खाजणाची जमीन आहे. एप्रिलमध्ये अंतराळातून देश सर्वांत सुंदर दिसला, त्या देशात जानेवारीचे दास्तान फाटेही होते.

अंतराळात जायचा रस्तासुद्धा कुणाच्या तरी जमिनीवरूनच जातो. ज्या श्रीहरिकोटाहून आपली रॉकेट उडतात, त्या बेटावर यानादी आदिवासी राहत होते. प्रक्षेपण केंद्रासाठी त्यांना हलवले गेले. थुंबाला, जिथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट उडाले, तिथे मच्छीमारांनी आपले चर्च आणि वस्ती सोडून दिली. थुंब्याची गोष्ट शाळेत कौतुकाने सांगतात. श्रीहरिकोटाची सांगत नाहीत.

आता दुसरा प्रसिद्ध फोटो घ्या. आज सोसायट्यांच्या ग्रुपवर जे पूर्ण गोल निळे चित्र फिरते, ते त्याच फोटोच्या परंपरेतले. तो अपोलो १७ मधून ७ डिसेंबर १९७२ रोजी काढला गेला. महापरिनिर्वाण दिनाचा दुसरा दिवस. आपल्या घड्याळाने दुपारचे चार वाजले होते. चैत्यभूमीवरून परतणारे लोक गाड्यांत असतील. फोटोत आफ्रिका, अरबस्तान, खाली अंटार्क्टिका आणि उजवीकडे वर, कडेला, ढगांचा एक पांढरा भोवरा दिसतो. फार सुंदर दिसतो तो. पण ते चक्रीवादळ आहे. दोन दिवस आधी त्याने तमिळनाडूचा किनारा झोडपला होता, माणसे मेली होती, गावे पाण्यात होती. वरून पाहणाऱ्याला ती फक्त एक नक्षी.

त्याच वेळी महाराष्ट्रात उलटे चित्र होते. १९७२ चा दुष्काळ. विहिरी आटल्या होत्या, लोक खडी फोडायला जात होते आणि गावात पाणी उरले असेल तर ते कुणी आधी भरायचे हे जात ठरवत होती. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात आमच्या बायकांची विटंबना झाली, पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात बौद्धांवर बहिष्कार पडला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्मली. तिने नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. अॅबरनाथींच्या खेचरगाड्या आणि वरळी-कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या यांच्यामध्ये समुद्र होते, पण त्या दोन ठिकाणच्या माणसांनी एकमेकांना ओळखले. ते ऐक्य कुठल्या फोटोने घडवलेले नव्हते. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतले साम्य मांडले होते. तेव्हा आकाशात एकही उपग्रह नव्हता. पृथ्वी एक आहे हे समजायला पृथ्वीबाहेर जावे लागते असे नाही. तळाशी उभे राहिले तरी ते दिसते, कदाचित जास्त स्पष्ट दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरून सीमा दिसत नाहीत, हे खरे तरी आहे का?

दिवसा बहुधा खरे. रात्री नाही. २०११ साली नासाने अंतराळ स्थानकातून काढलेला एक फोटो प्रसिद्ध केला. त्यात भारत-पाकिस्तान सीमा नारिंगी रेघेसारखी लखलखताना दिसते. कुंपणावर भारताने लावलेल्या दिव्यांची ती रेघ. माणसाने ठरवले तर त्याची सीमा अंतराळातूनही दिसते, फक्त तिच्यावर दिवे लावावे लागतात.

जातीच्या सीमेवर दिवे नाहीत. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे आधीच सांगून ठेवले आहे. जात म्हणजे विटांची भिंत किंवा काटेरी तार नव्हे, की पाडली आणि संपली. ती एक धारणा आहे, मनाची अवस्था आहे. जी गोष्ट मनात आहे ती चारशे किलोमीटरवरून दिसणार नाही, चारशे फुटांवरून दिसणार नाही, चार फुटांवरूनही दिसणार नाही. दिसते ती आडनाव विचारल्यावर. भाड्याने खोली मागितल्यावर. मुलीने लग्नाचे नाव काढल्यावर. तेव्हा 'वरून जात दिसत नाही' हे वाक्य म्हणजे 'एक्स-रेमध्ये राग दिसत नाही' असे म्हणण्यासारखे आहे. न दिसणे हा नसण्याचा पुरावा कधीपासून झाला?

पण ही धारणा जमिनीवर आपला ठसा उमटवते, आणि तो ठसा मात्र वरून दिसतो. हातातल्या मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडा. इस्रोचे 'भुवन' उघडा. मराठवाड्यातले, सोलापूरकडचे, कोकणातले, कुठलेही जुने गाव शोधा. मध्ये दाटीवाटीने घरे, देऊळ, पार, चावडी. मग एक रिकामी पट्टी, कुठे ओढा, कुठे रस्ता, कुठे नुसतेच मोकळे रान. आणि पलीकडे घरांचा एक वेगळा पुंजका. तो पुंजका कुणाचा, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. गावकूस पडून पिढ्या गेल्या, पण गावकुसाबाहेर म्हणजे नेमके कुठे हे उपग्रहाला आजही कळते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, बौद्धवाडा अशा नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे ठरले. निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. पाटी बदलली. मधली रिकामी पट्टी आहे तिथेच आहे.

हाच नकाशा खारघरवर आणा. सेंट्रल पार्क दिसेल, गोल्फचे हिरवेगार मैदान दिसेल, टॉवरच्या रांगा दिसतील. डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी वाड्या, मूठभर छपरे. आणि एका बाजूला उंच भिंतीचे मोठे आवार दिसेल, ते तळोजा कारागृह. नाव तळोजा, पत्ता खारघर. १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, ज्यांना शरण जावे लागले ते डॉ. आनंद तेलतुंबडे याच भिंतीआड होते. संविधान दिनी, २६ नोव्हेंबर २०२२ ला ते जामिनावर बाहेर आले. याच भिंतीआड फादर स्टॅन स्वामी होते. वय ८३, पार्किन्सनने हात थरथरत होते, पेला धरता येत नव्हता. त्यांनी पाणी पिण्यासाठी नळी आणि तोटीचा पेला मागितला. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला आणि कित्येक दिवस गेले. ५ जुलै २०२१ ला जामिनाची वाट पाहत त्यांनी रुग्णालयात प्राण सोडला. अंतराळातून पृथ्वी पाहून जी करुणा जागी होते म्हणतात, तिचा हिशेब आम्ही या पेल्यापासून सुरू करतो.

आणखी एक उदाहरण याच खारघरचे. १६ एप्रिल २०२३. महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा, लाखो माणसे मैदानात, भर उन्हात. मंचावर सावली होती, मैदानात नव्हती. उंचावरून काढलेले फोटो तुम्ही पाहिले असतील: नजर पोचेल तिथवर माणसेच माणसे, जणू एकच समुद्र. उंचावरून पाहिले की गर्दी एक दिसते, सुंदर दिसते, 'जनसागर' दिसते. त्या सागरातल्या कुणाला चक्कर आली, कुणाचे पाणी संपले, हे त्या उंचीवरून दिसत नाही. उष्माघाताने चौदा माणसे गेली. त्यांना एकत्र पाहणाऱ्यांची त्या दिवशी कमतरता नव्हती. त्यांच्या शेजारी उभे राहून पाणी विचारणाऱ्यांची होती.

इथेच आम्हाला बाबासाहेबांनी केलेला एक भेद फार महत्त्वाचा वाटतो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ते करुणा आणि मैत्री यांत फरक करतात. करुणा म्हणजे माणसांवरचे प्रेम. धम्म तिथे थांबत नाही, तो मैत्रीपर्यंत जातो, सर्व सजीवांपर्यंत जातो, वैऱ्यालाही बाहेर ठेवत नाही. आम्ही याचा आमच्यापुरता असा अर्थ लावतो: करुणा वरून खाली वाहू शकते. दाता वर, घेणारा खाली, आणि करुणा करूनही दोघे आपापल्या जागी राहतात. सवर्ण समाजसुधारकांच्या कितीतरी पिढ्या आमच्यावर अशी करुणा करून गेल्या. मैत्रीला उंची चालत नाही. तिला एकाच पातळीवर यावे लागते. अंतराळवीराला पृथ्वीबद्दल जे भरून येते ती करुणा आहे आणि ती खरी आहे. पण खाली उतरल्यावर शेजाऱ्याच्या घरी पाणी प्यायचे की नाही, हे ठरते मैत्रीवर.

घटनेच्या उद्देशिकेतही हेच आहे. नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. तो बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घातला. आणि बंधुता कशाची हमी देते ते क्रमाने वाचा: आधी व्यक्तीची प्रतिष्ठा, मग राष्ट्राची एकता. ऐक्याच्या आधी प्रतिष्ठा. ग्रुपवरचे संदेश हा क्रम उलटा करतात. ते म्हणतात, आधी एक व्हा, मानाचे नंतर पाहू. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, आपल्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली आहेत. म्हणजे जग ज्या जाणिवेसाठी १९६८ पर्यंत थांबले, ती या देशात अडीच हजार वर्षांपूर्वी एका पायी चालणाऱ्या भिक्खूने सांगितली होती. तो गावोगाव भिक्षेला उभा राहिला, सुनीत भंग्याला आणि उपाली न्हाव्याला संघात घेतले. सगळे जमिनीवरूनच.

मग पृथ्वीचा फोटो फेकून द्यायचा का? मुळीच नाही. तो आमचाही आहे. त्यातला निळा रंग कशाचा आहे ते पाहा. पाण्याचा. पृथ्वी निळी दिसते कारण तिच्यावर पाणी आहे, आणि या देशात पाण्याला सगळ्यांत आधी माणसाचे पाणी ठरवण्याचा लढा याच जिल्ह्यात झाला. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली. तळे बाटले म्हणून सवर्णांनी शेण-गोमूत्राने ते 'शुद्ध' केले. खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. अंतराळातून तळ्याचा ठिपकाही दिसणार नाही. पण त्या निळ्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे सिद्ध करायला दहा वर्षे न्यायालयात कागद लढवावे लागले, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो निळा रंग अर्धाच दिसतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ते चित्र पाठवले तर चिडू नका आणि गप्पही बसू नका. आम्ही सध्या अभ्यासवर्गात एक काम सुरू केले आहे. प्रत्येकाने मोबाईलवर आपले मूळ गाव काढायचे. गाव आणि वस्ती यांच्यामधले अंतर मोजायचे, नकाशात मोजपट्टी असतेच. मग चार गोष्टी लिहायच्या: पाण्याची टाकी कुठे आहे, शाळा कुठे आहे, डांबरी रस्ता कुठे संपतो, आणि स्मशानभूमी किती आहेत. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना चित्र दाखवून विचारायचे, हा ओढा ओलांडायला त्यांना कधीपासून मोकळीक मिळाली. पहिल्याच दिवशी एका मुलीने आपल्या गावाचे चित्र मोठे केले आणि दोन स्मशानभूमी दाखवल्या. एकीवर पत्र्याचे छप्पर होते, दुसरी उघडी. तिने दोन्हींवर खुणा केल्या, मधले अंतर मोजले, ते वहीत लिहिले आणि चित्र आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवून दिले, त्याच निळ्या पृथ्वीच्या बरोबर खाली.